ठोकणे आणि कसणे

रायपूरच्या शंकर नगरात ज्या घरात माझे अर्धेअधिक आयुष्य गेले, त्या घराचे सागवानी पुढचे दार गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका अंगाने कलले, उंबऱ्याला घासू लागले, आणि आश्विन लागेपर्यंत अशा थराला आले की दोन्ही हातांनी उचलून धरल्यावाचून ते उघडेना. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर नेणाऱ्या या शहरात तर ते वर्षातून दोनदा आपले अंग बदलते, असे एकमेकांना सांगत आम्ही लाकडालाच दोष देत राहिलो. परंतु ज्या वृद्ध मिस्त्रींना अखेर बोलावणे धाडले, त्यांनी लाकडाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते सरळ वरच्या बिजागरीपाशी गेले, तिच्यातला एक स्क्रू त्यांनी चिमटीत धरला, आणि खुंटीवरची टोपी काढून घ्यावी इतक्या सहज तो बाहेर ओढून माझ्या तळहातावर ठेवला. पेचकस त्यांच्या पिशवीतून निघालाही नव्हता. मग आपल्या छत्तीसगढीत ते एवढेच बोलले, "ठोंके हें, कसे नइ हें." ठोकले आहेत, कसलेले नाहीत.

तो स्क्रू मी बराच वेळ न्याहाळत बसलो. आठ नंबरचा, ३५ मिलिमीटर लांबीचा, जस्ताच्या मुलाम्याचा, बाजारात रोज हजारोंनी खपणारा जिन्नस. त्याच्या माथ्यावरची खाच जशी कारखान्यातून निघाली तशीच धारदार आणि स्वच्छ होती; तिला पेचकसाचे टोक एकदाही लागलेले नव्हते. माथ्याची कड मात्र एका बाजूला चेपलेली होती, आणि तेथला मुलामा उडून हातोडीचा चंद्रकोरीसारखा वळ उमटलेला होता. पेचांच्या सऱ्यांत लाकडाची कोरडी पूड भरलेली होती. जे तंतू त्या सऱ्यांत शिरून स्क्रूला धरून ठेवायचे, त्यांचीच ती पूड. बिजागरीतल्या आठ स्क्रूंपैकी सहा असेच हाताने निघाले. सात वर्षांपूर्वी घराच्या डागडुजीत हे दार उतरवून पुन्हा बसवले गेले होते. काम लवकर उरकावे म्हणून तेव्हा कारागिराच्या मागे तगादा लावला होता तो आम्हीच, आणि म्हणून या दाराच्या फिर्यादीत आमचे नाव वगळता येत नाही.

मिस्त्रींच्या त्या पाच शब्दांत एका संपूर्ण शास्त्राची विभागणी होती, हे मला पुढल्या काही आठवड्यांत, शंकर नगरातल्या हार्डवेअरच्या दुकानात, भनपुरीच्या लाकूडबाजारात आणि उरला येथील तारेच्या कारखान्यांच्या दारांशी हिंडताना, हळूहळू उमगत गेले. जोडणीच्या साऱ्या लोखंडी वस्तूंची दोनच घराणी आहेत. एक हातोडीचे, दुसरे मनगटाचे. एकाचा जिन्नस दुसऱ्याच्या रीतीने वापरला की घरे खिळखिळी होतात.

आमच्या घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि दुकानात हिंदी, अशा तीन भाषांच्या सरहद्दीवर आम्ही रायपूरकर मराठी माणसे वाढलो. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर अठराव्या शतकात बसला, १८५४ साली ते राज्य खालसा झाले, आणि पुढे १९५६ पर्यंत मध्यप्रांताची, मग मध्य प्रदेशाची, राजधानी नागपूरच असल्याने रायपूरचे दप्तर नागपूरकडे तोंड करून चालत राहिले. त्या दोनशे वर्षांत येथे आलेल्या कारकून, शिक्षक, रेल्वेवाल्यांच्या घरांत कितीतरी शब्द जसेच्या तसे जपले गेले. दुकानात जी 'कील', मिस्त्रींच्या तोंडी जो 'खीला', तो आमच्या घरी खिळा. लांब आणि जाड असेल तर आजोबा त्याला मोळा म्हणत, आणि तसबिरीच्या पाठीमागची फळी धरणारी बारकी ती चूक. स्क्रूला त्यांच्या पिढीत मळसूत्र असा भारदस्त शब्द होता. बोल्टावर फिरणाऱ्या नटाला चाकी. आणि मुंबई-पुण्याच्या वर्कशॉपांत नोकरी केलेले आमचे काका पेचकसाला अखेरपर्यंत डिस्मिस म्हणत राहिले. फारसीतून आलेली मेख तर आपण बोलण्यात रोज मारतो. आणि ज्या काळी दिवाळी अंक हाताने जुळवले जात, त्या काळी छापखान्यात अक्षराच्या प्रत्येक शिशाच्या टाइपालाही खिळाच म्हणत. म्हणजे आपले वाङ्मयसुद्धा पिढ्यान् पिढ्या खिळे जुळवूनच उभे राहिले.

खिळा धरून कसा ठेवतो, हा प्रश्न मी दुकानात, बाजारात, शिकल्यासवरल्या मित्रांनाही विचारला, आणि बहुतेकांचे उत्तर 'रुततो म्हणून' यापलीकडे गेले नाही. खिळा लाकडात शिरताना तंतूंना बाजूला सारतो आणि खाली वाकवतो. ते वाकलेले तंतू आपल्या जागी परतू पाहतात आणि दोन्ही बाजूंनी खिळ्याला आवळून धरतात. या घर्षणावर सगळा भार. म्हणूनच तंतूंना आडवा मारलेला खिळा घट्ट बसतो आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडात, तंतूंच्या दिशेनेच शिरलेला खिळा थोड्याशा ओढीने निसटतो. म्हणूनच ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड वाळताच सैल पडतो. आडव्या जोराला, म्हणजे दोन फळ्या एकमेकींवरून घसरू पाहतात तेव्हा, खिळा मोठा खंबीर असतो. सरळ उपटण्याच्या जोराला तो दुबळा. सेंट्रिंगचे काम करणारे मजूर हे जाणतात. काँक्रीटच्या फळ्या दोन आठवडे धरायच्या आणि मग उखडायच्या, तेथे खिळाच हवा. स्क्रू तेथे अडचण.

छत्तीसगडचा राज्यवृक्ष साल. त्याचे लाकूड इतके कठीण आणि दाट की त्यात भोक न पाडता खिळा घातला तर तो वाकतो, किंवा फळी उभी चिरते. भनपुरीला एका आरागिरणीच्या ओसरीवर मी एका सुताराला प्रत्येक खिळा ठोकण्याआधी उलटा करून त्याचे टोक दगडावर हलकेच बोथट करताना पाहिले. टोकदार खिळा तंतूंत पाचरीसारखा घुसून त्यांना फाकवतो. बोथट टोक त्यांना चिरडत, तोडत पुढे जाते, आणि फळी शाबूत राहते. धार कमी केल्याने काम चांगले होते, हे माझ्या बुद्धीला क्षणभर पटेना; त्याने दोन तुकडे घेऊन एकात टोकदार आणि दुसऱ्यात बोथट खिळा मारून दाखवला, आणि पहिला तुकडा माझ्यासमोर टरकन उलला.

यंत्रयुगापूर्वी प्रत्येक खिळा लोहाराच्या ऐरणीवर एकेक करून, चौकोनी अंगाचा आणि निमुळता घडवला जाई. म्हणून तो महाग होता, आणि तो जपून वापरला जाई. स्कॉटलंडमधल्या इंचटुथिल येथे रोमन सैन्याने इसवी सन ८७ च्या सुमारास छावणी सोडताना पावणेनऊ लाखांवर खिळे, सुमारे सात टन लोखंड, खड्ड्यात पुरून टाकले होते, ते शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. १९६० च्या सुमारास उत्खननात ते सापडले. आपल्या वाड्यांत तर तुळई खांबावर चढवताना खिळ्याला स्थानच नव्हते. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला त्याचे घर, आणि दोहोंतून आरपार एक लाकडी खुंटी, एवढ्यावर दोन-तीन मजले उभे राहत. शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला तेव्हाही त्याच्या अंतर्भागाची लाकडी बांधणी याच विद्येची होती. लोखंड मिरवत होते ते दिल्ली दरवाजाच्या झडपांवर, हत्तीची धडक परतवण्यासाठी रोवलेल्या प्रत्येकी ७२ अणकुचीदार खिळ्यांत. १८२८ च्या आगीत आतला लाकडी इमला गेला, आणि दरवाजा अजून उभा आहे. गावगाड्याच्या बलुतेदारांत सुतार आणि लोहार हे दोघेही थोरल्या ओळीत बसत. जोडणीचे काम दोघांमध्ये वाटलेले होते आणि कोणता सांधा कोणाचा, याविषयी वाद नव्हता.

आज दुकानात तोलून मिळतो तो खिळा तारेचा. आणि येथे रायपूरकर माणसाने क्षणभर थांबून पाहण्यासारखे काही आहे, कारण हे लोखंड आपल्या अगदी उशाचे आहे. मैकलच्या डोंगरांत अगरिया लोक मातीच्या छोट्या भट्ट्यांत, पायांनी भाते चालवून, कोळशावर लोखंड गाळीत. भट्टीत लोहासुर, कोळशात कोयलासुर आणि जाळात अग्यासुर वसतो अशी त्यांची श्रद्धा. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्ग भागातल्या लोहखनिजाची नोंद करून ठेवली होती. १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा नागपूरला आले असताना तेथल्या संग्रहालयात त्यांच्या दृष्टीस एक भूगर्भीय नकाशा पडला, आणि त्यावरून ते अमेरिकन तज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांच्यासह दल्ली आणि राजहरा या टेकड्यांपाशी पोहोचले. खनिज अव्वल होते, तथापि कारखान्याला लागणारे इतर साहित्य जवळ जुळेना. टाटांचा कारखाना अखेर पूर्वेकडे गेला, आणि या टेकड्या आणखी अर्धशतक तशाच निजून राहिल्या. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि राजहराचे खनिज त्या भट्टीत पडू लागले. भिलाई म्हटले की आपल्याला रेल्वेचे रूळ आठवतात. तेथे तारेसाठीच्या सळयाही निघतात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

पेन्सिलीहून किंचित बारीक, साडेपाच मिलिमीटर जाडीच्या त्या सळईची भली थोरली वेटोळी उरला आणि सिलतरा येथील तारकारखान्यांत येतात. तेथे ती सळई टंगस्टन कार्बाइडच्या साच्यातल्या छिद्रातून ओढली जाते, एकातून दुसऱ्यात, दरवेळी थोडी बारीक होत. छिद्रापाशी साबणाची पूड ठेवलेली असते, आणि ओढीच्या उष्णतेने ती वितळून तारेवर तेलासारखी पसरते. थंडपणी अशी ओढल्याने तार कठीण होत जाते. मग खिळ्याचे यंत्र तार पकडते, पुढच्या टोकावर एक दणका मारून माथा चपटा करते, हवी ती लांबी पुढे सारते, आणि दोन पात्यांच्या चिमट्यात तिचे टोक चिमटून खिळा तोडते. मिनिटाला शेकडो. आवाज असा की शेजारच्या माणसाशी खुणांनीच बोलावे. शेवटी ते तेलकट, काळपट खिळे लाकडाच्या भुशासह एका पिंपात घालून तासभर फिरवतात, आणि तेथून ते चकचकीत होऊन पोत्यात पडतात. ज्या लाकडात पुढे शिरायचे, त्याच्याच भुशाने त्यांना उटणे लागते, हे पाहून मला फार बरे वाटले.

खिळा येथे नुसता बाजारजिन्नस नाही. छत्तीसगडच्या वर्षातला पहिला सण हरेली, आणि त्या दिवशी गावचा लोहार घरोघर जाऊन दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकतो, गुराखी राऊत दारावर कडुलिंबाची डहाळी खोवतो, आणि दोघांना धान-डाळीचा शिधा मिळतो. उत्तरेच्या पंचांगात ती श्रावणातली अमावास्या. आपल्या अमान्त पंचांगात तीच आषाढी अमावास्या, दिव्याची अवस. माझ्या लहानपणी आत आई समया घासून-पुसून, कणकेचे दिवे उकडून दीपपूजनाची तयारी करीत असे, आणि त्याच घटकेला बाहेरून चौकटीवर हातोडीचे तीन ठोके पडत. घराच्या एकाच दिवसाचे रक्षण दोन भाषांनी वाटून घेतलेले. मुले मात्र त्या दिवशी बांबूच्या गेडीवर, म्हणजे पावठे बांधलेल्या उंच काठ्यांवर, चढून चिखल तुडवीत. नारळाच्या दोरीने करकचून बांधलेल्या त्या सांध्यातून जो कर्र आवाज येई, त्यातच गेडीचे भूषण मानले जाई.

आता मनगटाच्या घराण्याकडे वळू. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. चढणीचा रस्ता डोंगराला वळसे घालीत जातो तेव्हा बैलाला थोडा जोर लावून फार उंची गाठता येते, तसेच येथे मनगटाचा थोडा जोर लाकडात खोल जातो. आणि गेल्यावर तेथल्या तंतूंना आपल्या सऱ्यांत कापून, बसवून घेतो. खिळ्याला उपटताना घर्षण तेवढे आडवे येते. स्क्रू सरळ उपटायचा तर त्या सऱ्यांत अडकलेले लाकूडच मुळातून तुटावे लागते. हीच त्याची सनद. आणि हातोडीने ठोकला की ती सनद पहिल्याच ठोक्याला फाटते, कारण जे लाकूड सऱ्यांत बसायचे त्याचीच पूड होते. मग तो ना खिळा ना स्क्रू. खिळ्याचे आवळून धरणारे तंतू त्याने तोडलेले असतात आणि स्वतःचे धरणारे घडवलेले नसतात. चांगल्या, धड खिळ्यापेक्षाही तो निकामी ठरतो.

स्क्रू नीट बसवायचा तर आधी दांड्याच्या गाभ्याएवढे बारीक भोक, वरच्या भागात दांड्याच्या पूर्ण जाडीचे भोक, आणि माथा बसायला तोंडाशी खोलगट वाटी, एवढी पूर्वतयारी लागते. खिळ्याची आणि स्क्रूची मापे या कामात नवख्याला हमखास चकवतात. तारेच्या खिळ्याचा गेज जितका मोठा तितका खिळा बारीक. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची, १४ गेजची दोन मिलिमीटरची, कारण तार जितक्या वेळा साच्यातून ओढली तितका आकडा चढत गेला. लाकडाच्या स्क्रूचा नंबर मात्र वाढला की जाडी वाढते. सहा नंबर साडेतीन मिलिमीटर, आठ नंबर सव्वाचार, दहा नंबर पावणेपाचच्या आसपास. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. शंकर नगरच्या दुकानात आजही गिऱ्हाईक 'डेढ़ इंची, आठ नंबर' मागते आणि दुकानदार न बोलता ३५ किंवा ४० मिलिमीटरचा डबा पुढे करतो.

स्क्रूचे टोक अणकुचीदार असते, हे आपण गृहीत धरतो. १८४० च्या दशकापर्यंत ते बोथटच असे, आणि म्हणून प्रत्येक स्क्रूला पूर्ण लांबीचे भोक आधी पाडावे लागे. अणकुचीदार टोकाच्या अमेरिकन पेटंटाचे हक्क बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी १८५४ साली विकत घेतले, भांडवलासाठी आपल्या मेहुण्यांना सामील केले, आणि मेहुण्यांनी आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला त्या धंद्यावर देखरेखीसाठी पाठवले. तो मुलगा जोसेफ चेंबरलेन. स्क्रूच्या पैशावर तो पुढे ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला, आणि त्याचा पुत्र नेव्हिल पंतप्रधान. नेटलफोल्डांच्याच कारभारातून पुढे गेस्ट कीन विल्यम्स ही कंपनी आपल्या देशात आली, आणि जुन्या सुतारांच्या पेटीत 'नेटलफोल्ड'चा पुठ्ठ्याचा डबा हा इमानाचा दाखला मानला गेला. आमच्या आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत तसा एक रिकामा डबा अजून आहे. त्यात आता शिवणाच्या सुया राहतात.

अधिक चिन्हाच्या खाचेचा, दुकानातल्या भाषेत 'स्टार', स्क्रू हेन्री फिलिप्स यांच्या नावाचा. १९३६ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत तो प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, कारण यंत्राने फिरवताना पेचकसाचे टोक खाचेत आपोआप मध्यावर बसते. आज हातात विजेचे ड्रिल आल्यापासून ठोकण्याची लाज थोडी कमी झाली आहे, हे खरे. पण एक नवी आपत्ती आली. जिप्समच्या भिंतींसाठी बनवलेला काळा स्क्रू स्वस्त आणि टोकदार म्हणून आता बिजागऱ्यांतही सर्रास घुसतो. तो कडक पाणी दिलेला, म्हणून ठिसूळ. जिप्समचा पातळ तक्ता धरण्यास उत्तम, परंतु रोज शंभरदा उघडणाऱ्या जड दाराचे हिसके बसू लागले की एके दिवशी माथा तुटून खाली पडतो आणि देह लाकडात अडकून राहतो. हा वापर चूक आहे, आणि तो करणारा कारागीर असो वा करवून घेणारा मालक, दोघांनाही ते ठाऊक असले पाहिजे.

शंकर नगरात राहणाऱ्याला ठोकणे आणि कसणे ही दोन्ही घराणी एकत्र नांदताना पाहण्यासाठी पूर्वी फार लांब जावे लागत नसे. आज जेथून उंचावरून एक्स्प्रेस-वे धावतो, तेथूनच १९०० च्या सुमारास झालेली अडीच फुटी रुंदीची रायपूर-धमतरी ही छोटी रेल्वे तेलीबांध्याकडे जात असे. २०१७ च्या सुमारास शहरातला तो मार्ग बंद झाला. लाकडी स्लीपरच्या मार्गावर रूळ धरला जातो तो डॉग स्पाइकने, म्हणजे कुत्र्याच्या तोंडासारख्या माथ्याच्या जाड मोळ्याने, आणि तो ठोकलेलाच असतो. रुळाच्या दोन तुकड्यांचा सांधा मात्र फिशप्लेट आणि बोल्टांचा, आणि तो कसलेलाच असतो. रोज सकाळी चावीवाला खांद्यावर हातोडा आणि लांब दांड्याचा पाना घेऊन आपल्या हद्दीतून चालत येई, मोळ्यावर ठोका देई, बोल्टावर पाना लावी. स्लीपरचे भोक झिजून मोळा सैल झाला की त्यात लाकडाची नवी खुंटी ठोकून मग मोळा पुन्हा मारीत. लहानपणी रुळाकाठच्या कुंपणावर बसून मी हे पाहिले आहे. त्यातला विचार कळायला दाराची बिजागरी निखळावी लागली.

बोल्टाची गोष्ट स्क्रूहूनही निराळी. तो लाकडात किंवा लोखंडात रुतत नाही. आरपार जातो आणि पलीकडून चाकी त्याला खेचते. चाकी कसली की बोल्टाचा दांडा किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणाने दोन तुकडे एकमेकांवर असे दाबले जातात की घर्षणानेच ते हलत नाहीत. अर्धवट कसलेला बोल्ट म्हणूनच धोक्याचा. ताण नाही, दाब नाही, आणि प्रत्येक हिसका थेट दांड्यावर. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की त्याची तुटण्यापूर्वीची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते, म्हणजे ८००. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या आठ दशांशांवर, ६४० ला, तो कायमचा लांबू लागतो. ४.६ चा हिशोबही असाच. आज एका प्रमाणाचे नट-बोल्ट जगभर एकमेकांत बसतात, याची सुरुवात जोसेफ व्हिटवर्थ यांच्यापासून. १८४१ साली त्यांनी ५५ अंशांच्या पेचाचे एक प्रमाण सुचवले, तोवर प्रत्येक कारखान्याच्या चाकीला त्याच कारखान्याचा बोल्ट लागे. लाकडात बोल्ट घालताना चाकीखाली रुंद वॉशर ठेवायचा, नाहीतर चाकी मऊ लाकडात बुडत जाते आणि आपण कसतच राहतो.

भिंतीच्या बाबतीत विस्तार नको. पूर्वी सुतार विटेत चौकोनी कोंदण करून लाकडी गुटका बसवी आणि त्यात स्क्रू कशी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना फार न दुखवता विजेची उपकरणे बसवण्याच्या गरजेतून जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांचा रॉल प्लग काढला. १९५८ साली जर्मनीच्या आर्तुर फिशर यांनी नायलॉनचा. स्क्रू आत शिरताच प्लग फुगतो आणि भोकाच्या भिंतींवर दाबला जातो. रायपूरच्या दुकानात त्याला 'गिट्टी' म्हणतात, आणि ती सहसा चुकते ती भोक मोठे पाडल्यामुळेच.

मिस्त्रींनी आमचे दार कसे सावरले, ते आता सांगतो. त्यांनी जुन्या भोकांत नवे जाड स्क्रू घातले नाहीत, जो सल्ला मला तीन जणांनी दिला होता. प्रत्येक झिजलेले भोक त्यांनी सामत्याने मोठे आणि गोल केले, वाळलेल्या सागवानाच्या खुंट्या पटाशीने तासून, सरस लावून आत ठोकल्या, आणि ते घरी निघून गेले. सरस वाळायला एक रात्र. दुसऱ्या दिवशी खुंट्या दाराच्या अंगाशी सपाट तासल्या, बिजागरी ठेवून प्रत्येक भोकाचा मध्य टोच्याने खुणावला, आणि बारीक भोके पाडली. मग लोखंडी स्क्रूच्या सऱ्यांना आंघोळीच्या साबणाची वडी घासून ते एकेक कसले; सगळे बसल्यावर सगळे पुन्हा काढले, आणि त्याच वाटेने पितळेचे कसले. पितळ मऊ असते. लोखंडाने आधी वाट करून दिली नाही, तर कठीण सागवानात पितळेचा माथा पिळून तुटतो. शेवटी सगळ्या स्क्रूंच्या खाचा त्यांनी एका रेषेत उभ्या लावल्या. कशासाठी, असे विचारले, तर म्हणाले की आडव्या खाचेत धूळ आणि पाणी साठते, आणि शिवाय कोणी नंतर सैल केला तर नजरेला लगेच कळते. एकूण काम दीड दिवसाचे. ठोकणाऱ्याने ते एका दुपारीत केले होते.

या दिवाळीत आपल्याही घरी सुतार येणार असेल. कपाट सरकवायचे असेल, दार बसवायचे असेल, पडद्याची दांडी लावायची असेल. त्याच्या मजुरीत घासाघीस करायची तर जरूर करा. पण भोक पाडण्यासाठी, सरस वाळण्यासाठी आणि मनगटाने कसण्यासाठी जेवढा वेळ त्याला लागेल, तेवढा द्या. आणि तो स्क्रूवर हातोडी उचलताना दिसला, तर तेवढ्यापुरते त्याला थांबवा.